दोन सीटची गाडी अन् चार शिंगं

आपल्याला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं बद्रीनाथ येता-जाता सांगत असे. आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. सिडकोत राहणारा हा गडी जन्मभर विमा एजंट होता. "माणसाचं काय सांगता येतं?" एवढ्या एका वाक्यावर तो धडधाकट पैलवानालासुद्धा असा हलवून सोडायचा, की पैलवान घरी जाऊन आधी बायकोला कपाटाच्या किल्ल्या दाखवायचा! असल्या माणसाला कोण फसवणार?

पण पन्नाशी उलटल्यावर बद्रीनाथ प्रेमात पडला. घाबरू नका, गाडीच्या!

झालं असं, की दाढ दाखवायला तो छावणीत डॉक्टर अन्सार यांच्या दवाखान्यात गेला होता. खुर्चीत आडवा पडलेला, तोंड उघडं. खिडकीतून नजर अंगणात गेली आणि तोंड मिटायचं राहूनच गेलं. तिथं एक लालभडक, परदेशी बनावटीची, दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी होती. उंदरावर झेप घ्यायच्या आधी मांजर जमिनीला चिकटतं, तशी! आणि काचेवर पाटी : 'विकणे आहे'.

"आआई एअढ्याआ?" बद्रीनाथनं तोंडातल्या आरशासकट विचारलं.

"आई?" डॉक्टर दचकले. "काय झालं आईला?"

"आई नाही हो, गाडी! गाडी केवढ्याला?"

डॉक्टर अन्सार म्हणजे छावणीतला सगळ्यात खरा माणूस. दाढेत कीड नसेल तर पेशंटला चहा पाजून परत पाठवणारा. त्यांच्या गळ्यात मानेचा पट्टा होता. तो सावरत ते म्हणाले, "देखो जी बद्रीसाहेब, आधीच सांगून टाकतो. हिच्या इंजनच्या पोटात एक छोटं बेअरिंग आहे. या मॉडेलला ती खोड जन्मापासूनच. ते तुटलं की इंजन खलास! एक दाढ काढून भागत नाही, सगळी बत्तीशीच जाते."

"कधी तुटतं?"

"आज तुटेल. दहा वर्षांनी तुटेल. कदाचित तुटणारही नाही. काय सांगता येतं?"

बद्रीनाथ गारच पडला. त्याचंच वाक्य, आणि त्याच्यावरच!

"तुटायच्या आधी कट-कट आवाज येतो म्हणतात," डॉक्टर पुढं म्हणाले. "आला की जागच्या जागी इंजन बंद! त्या आवाजाला कान लावून लावून तर माझी मान गेली. इंजन मागच्या बाजूला आहे ना, सारखं मागं वळून ऐकावं लागतं. मैं तो बोलतौं, नक्को लेओ!"

घरी येईपर्यंत बद्रीनाथच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार जगात असतो का? त्यानं स्वतः आजवर एकाही गिऱ्हाइकाला पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचून दाखवली नव्हती. म्हणजे डॉक्टरकडं दुसरं तगडं गिऱ्हाईक आलंय, आणि आपल्याला वाटेला लावायचं चाललंय! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मुद्दाम फोन केला, की क्लचही जरा धरतो बरं का. बद्रीनाथनं फोन ठेवून बायकोपुढं टाळीच वाजवली. "बघ द्वारका! किती धडपडतोय माणूस!"

"अहो, ज्याची गाडी तोच नको म्हणतोय," द्वारकाबाई म्हणाल्या, "अन् तुम्ही निघालाय घ्यायला!"

"त्यातच तर गोम आहे!"

"गोम असो नाहीतर विंचू. वरची खोली बांधायला ठेवलेले पैसे आहेत ते. मामांनी बघून हो म्हटलं तरच हात लावायचा. नाहीतर मी चालले देवगावला!"

मामा म्हणजे द्वारकाबाईंचे सख्खे मामा, देवगाव रंगारीचे कारभारी मामा. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मोटारीतलं त्यांना काहीही कळत नव्हतं, पण ही गोष्ट अजून त्यांच्या लक्षात आलेली नव्हती. फोनवर ते म्हणाले, "बैल काय अन् मोटार काय, जावईबापू, चाल बघायची! मी येतो बेस्तरवारी."

बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, ऐन बाजाराच्या दिवशी मामा आले. डॉक्टरांनी चावी दिली आणि बद्रीनाथचा हात धरून पुन्हा बजावलं, "कट-कट आला की बंद! याद रखना!"

मामा गाडीत बसले नाहीत, विहिरीत उतरतात तसे उतरले. आत गेल्यावर त्यांचे गुडघे मिशांना लागले. "आरं, हे तर बाळंतिणीच्या बाजंपेक्षा खाली हाय!" ते म्हणाले. बद्रीनाथनं चावी फिरवली. मागून अशी डरकाळी उठली, की दवाखान्यातला एक पेशंट भूल न देताच शांत झाला. काय ती गाडी! अंगणातून रस्त्यावर येईपर्यंत बद्रीनाथ वीस वर्षांनी लहान झाला होता. मनातल्या मनात त्यानं गाडी घेऊनसुद्धा टाकली.

पण रस्ता जात होता बाजारातून. पुढं शेळ्या, मागं शेळ्या, आणि मधून दर चार पावलांवर एक म्हैस. विमानासारखी पळणारी गाडी गोगलगायीसारखी सरकू लागली. मामांना कंटाळा आला. त्यांनी खिशातून चंची काढली, चंचीतून सुपारी काढली, अडकित्ता काढला आणि गुडघ्यांच्या फटीत धरून कातरू लागले.

कट! कट! कट!

बद्रीनाथचे डोळे शेळ्यांवर होते. त्यानं खाडकन इंजिन बंद केलं आणि चावी उपसून खिशात टाकली, जणू ती पुन्हा स्वतःच फिरेल.

"काय झालं?" मामा म्हणाले. तोवर सुपारी गालात गेली होती आणि अडकित्ता चंचीत.

"आवाज ऐकला का, मामा? कट-कट?"

मामांनी कान टवकारला. "नाय बा. आता तर काहीच येत नाय."

"आता कसा येईल! बंद केलं ना!"

भोवती गर्दी जमली. दोघा-तिघांनी मामांना जमिनीतून रताळं उपटावं तसं बाहेर ओढलं. मामांनी धोतर झटकलं आणि "आधी तोंड उघडून दात बघू," म्हणत गाडीचं पुढचं झाकण वर केलं. आत एक टायर होता आणि डॉक्टरांची छत्री.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "जावईबापू! हिला इंजिनच नाय हो!"

"मामा, ते मागं असतं."

"मागं? बैल कधी गाडीच्या मागं जुंपतेत व्हय?"

सगळा बाजार हसला. बद्रीनाथ दाखवायला मागं धावला, पण मागचं झाकण कुठून उघडतं ते त्याला सापडेना. तो गाडीच्या पाठीवरून नुसताच हात फिरवत राहिला, आणि लोकांना वाटलं, बिचारा मायेनं कुरवाळतोय.

बैल विकायला आलेला सांडू पुढं झाला. "पर आत्ता तर चालत आली की ही!"

"मग वाटंत पडलं असंल!" मामांनी निकाल दिला. "त्योच आवाज ऐकला तुमी. इंजिन पडल्याचा!"

झालं! "इंजिन पडलं! इंजिन पडलं!" अशी बाजारभर आरोळी गेली. "अरे, इंजन गिर गया किसी का!" पोरं रस्त्याकडंला वाकून वाकून शोधू लागली. कुणी गटारात काठी घातली. थोड्याच वेळात चौघांनी मिळून विहिरीच्या पंपाचं एक गंजकं इंजिन उचलून आणलं. "हेच का हो साहेब?" त्यांच्या मागून भंगारवाला बोंबलत पळत येत होता.

"बास!" मामा गरजले. "सांडू, जोडी आण! डॉक्टरच्या दारात नेऊन घालू ह्ये मढं!"

सांडूची खिल्लार जोडी विकायला आणलेली, म्हणून नटलेलीच होती. रंगवलेली शिंगं, गोंडे, पाठीवर झूल. दोर बांधला गेला. जडीबुटीवाल्याकडचा ढोलवाला रिकामाच बसला होता, तोही पुढं येऊन वाजवायला लागला. बद्रीनाथ मुकाट्यानं स्टिअरिंगवर बसला. मामा खिडकीशेजारून रुबाबात चालू लागले. चालता चालता त्यांनी पुन्हा चंची काढली.

कट! कट! कट!

बद्रीनाथनं आधी खिसा चाचपला. चावी खिशातच होती. मग त्यानं मान वळवून पाहिलं. अडकित्ता! सुपारी! त्याच्या डोक्यात जे काही उरलं होतं तेही बंद पडलं. गाडी ठणठणीत होती!

"मामा..." त्यानं तोंड उघडलं.

"काळजी करू नका, जावईबापू!" मामांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "ह्यो कारभारी होता म्हणून वाचलात. नायतर बिनइंजिनाची मोटार गळ्यात पडली असती!"

आता काय सांगणार? सासुरवाडीचा वडीलधारा माणूस, एवढी माणसं, दोन बैल आणि एक ढोल, आणि हे सगळं एका सुपारीवरून? आयुष्यभर बोलून पोट भरणाऱ्या बद्रीनाथनं तोंड मिटलं. निरोगी गाडी बैलांच्या मागून डुलत निघाली. दुतर्फा मोबाईल वर झाले. त्याचा एक जुना पॉलिसीवाला स्कूटर हळू करून म्हणाला, "बद्रीभाऊ, हिचा विमा काढलाय ना? काय सांगता येतं!"

दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर अन्सार चिमटा हातात घेऊन उभे होते. बैल पाहिले आणि ते मटकन खालीच बसले. "टूट गया?"

बद्रीनाथनं त्यांना बाजूला घेतलं आणि कानात खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं, मग सांडूला दोर सोडायला लावला आणि चावी फिरवली. गाडी लोण्यासारखी सुरू झाली.

"बघा!" मामा लोकांना म्हणाले. "गोठा दिसला की जनावर ताळ्यावर येतंच!"

बद्रीनाथ घाईघाईनं म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी घेतो गाडी. आजच! तुमच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आहे हे मला ठाऊक आहे."

"कौन गिऱ्हाईक?" डॉक्टरांना काही कळेना. "चार महिन्यांत तुम्हीच एकटे आलात."

"मग एवढं घेऊ नका, घेऊ नका का सांगत होता?"

"घेऊ नये म्हणून!" डॉक्टरांनी चावी खिशात टाकली. "और अब तो मैं देताच नाही. इंजनची खोड मी सांगून टाकली होती. गिऱ्हाइकाची खोड मला कोण सांगणार?"

बद्रीनाथ मामांना घेऊन सरदार नावाच्या एका रिक्षावाल्याच्या रिक्षात बसला. मान खाली घालूनच सगळा जालना रोड सरला. एका अर्थी सुटलो, असं त्यानं मनाला समजावलं. वरची खोली तरी होईल. द्वारका तरी खूश होईल.

रिक्षा कॉलनीच्या गेटाशी आली आणि बद्रीनाथनं मान वर केली. गेटावर तोरण. रस्त्यावर रांगोळी. सगळी कॉलनी गोळा झालेली, आणि पुढं ठेवणीतली साडी नेसून, ओवाळणीचं ताट घेऊन द्वारकाबाई!

"व्हिडिओ बघितला हो!" त्या ताट सावरत म्हणाल्या. "बैलजोडी काय, ढोल काय, मामा पुढं काय! एवढी वाजतगाजत मिरवणूक! म्हटलं, मामांनी हो म्हटलंय ना, मग लक्ष्मी घरी येताना आपण तोंड वाकडं कशाला करायचं? गाडी मागून येतेय का?"

बद्रीनाथ रिक्षातून उतरला आणि मामांची पिशवी काढायला पुन्हा आत वाकला. मामाच म्हणाले, "घेतली नाय, पोरी."

सगळी कॉलनी द्वारकाबाईंच्या ताटाकडं बघू लागली. ताटातलं निरांजन तेवढं फडफडत होतं. शेवटी शेजारच्या भागूबाई म्हणाल्या, "पेटवलेलं ताट माघारी नेऊ नये गं बाई. अपशकुन होतो."

द्वारकाबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि रिक्षाला कुंकू लावलं! हार हँडलला गेला, नारळ पुढच्या चाकाशी फुटला. सरदारला ओवाळून त्याच्या तोंडात पेढा घातला. त्याचे डोळे भरून आले. "भाभी, मेरी शादी में भी इत्ती इज्जत नहीं हुई!" मग भागूबाई म्हणाल्या, आलोच आहोत तर एक चक्कर होऊन जाऊ द्या. द्वारकाबाई बसल्या, भागूबाई बसल्या, मामा पुढं सरदारला चिकटून बसले आणि टाळ्यांच्या गजरात रिक्षा कॉलनीच्या फेरीला निघाली. मग दुसऱ्या बायका बसल्या. मग पोरं.

बद्रीनाथ गेटाशी उभा होता, मामांची पिशवी हातात धरून. पेढा त्याच्यापर्यंत आलाच नाही. पाचव्या फेरीला रिक्षा समोरून गेली तेव्हा त्याचं सहज आत लक्ष गेलं.

मीटर चालूच होता.