रॉइसचा माईक

कॉलेजचा माणूस केडचा खेळ बघायला येणार, ही बातमी कोच पिकेटने केडच्या बापाला आधीच सांगितली आणि तिथेच घोटाळा झाला. त्याच्या, म्हणजे रॉइस टब्जच्या, पोटात काही राहत नाही. आपल्या टायरच्या दुकानात तो बोलला की रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये ऐकू जातं. म्हणून तर दर शुक्रवारी शाळेच्या सामन्याला मैदानावरचा माईक त्याच्याकडे असतो. खरं तर त्याला माईकची गरज नाही, पण गावाने मान म्हणून दिलाय.

केड शाळेच्या संघात रिसीव्हर. आमच्या टेक्सासच्या फुटबॉलमध्ये पाय धावण्यापुरते. लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन हातांनी झेलायचा, हे रिसीव्हरचं काम. केडने झेललेल्या चेंडूंची फिल्म रॉइसने स्वतः कापून-जोडून, मागे बँडचं संगीत घालून कॉलेजला धाडली होती. ती बघूनच कॉलेजचे मिस्टर हॅन्ली सहा तास गाडी हाकत आमच्या गावी, मेस्क्वीट बेंडला, आले होते. पोरगा पसंत पडला तर कॉलेजचं शिक्षण फुकट. नाही पडला तर टायर. टब्जांच्या घरात आजवर कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं.

"कोच, आज सगळे चेंडू केडलाच हं!" सामन्याआधी रॉइसने कोचला गाठलं.

"बघतो रे."

"बघतो नाही. शब्द दे."

"दिला बाबा शब्द! आता वर जाऊन बस. आणि माईकवर फक्त नाव आणि नंबर, कळलं?"

"मी कधी जास्त बोलतो का?"

कोचने आकाशाकडे पाहिलं.

माईकची खोली प्रेक्षकांच्या डोक्यावर, अगदी वरच्या पायरीला. माईकचा खटका गेल्या वर्षीच मोडला होता. बंद करायचा तर भिंतीतली पिन उपटावी लागे. रॉइसला माईक बंद करायची गरज कधी पडलीच नव्हती, त्यामुळे दुरुस्तही कुणी केला नाही.

सामना सुरू झाला आणि रॉइसला चेव आला.

"मंडळी, डावीकडे बघा! आठ नंबर, केड टब्ज! उंची सहा फूट तीन! हात आईवर गेलेत, उडी माझ्यावर! आणि आता चेंडू त्यालाच जाणार, कोचने मला शब्द दिलाय!"

समोरच्या संघाच्या कोचने टोपी काढून माईकच्या खोलीला सलाम ठोकला आणि तीन दांडगी पोरं केडवर सोडली. चेंडू काही केडपर्यंत पोचला नाही. रॉइसला वाटलं, आपलं बोलणं कमी पडलं. पुढच्या खेपेला त्याने केड कुठून निघणार, कुठे वळणार, सगळं आधीच जाहीर केलं. आता तर पंचच आमच्या कोचकडे धावत आला.

"तुमच्या माईकवाल्याला आवरा!"

कोचने वर बघून दोन्ही हात जोरजोरात हलवले. कोच भलताच खूश दिसतोय, असं समजून रॉइसनेही हात हलवले आणि दुप्पट जोमाने सुरू झाला. पंचाने संघाला पंधरा यार्ड मागे ढकललं. एका माणसाच्या तोंडापायी अख्ख्या संघाला दंड झाल्याचं गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तिकडे सगळे केडवर तुटून पडल्यामुळे दुसऱ्या बाजूला रान मोकळं. तिथे होता वेस्ली. चष्मा काढला की या पोराला चेंडू कुठला आणि पंच कुठला तेही धड दिसत नाही. त्याने दोनदा चेंडू झेलून गुणांची रेषा ओलांडली! लोक बाकांवर चढून नाचले.

"वेस्ली... झेलला," रॉइस रडवेल्या आवाजात म्हणाला.

केडची आई वॉन्डा खाली बसली होती, छातीवर लेकाच्या फोटोचा बशीएवढा बिल्ला लावून. ती उठली, दाणदाण पायऱ्या चढली आणि दार ढकलून आत शिरली.

"रॉइस, थोबाड बंद कर!"

हे मैदानभर घुमलं. बँडवाल्यांनीही वाजवणं थांबवलं.

"अगं, मी पोराचं नाव गाजवतोय!"

"नाव गाजवतोयस की पत्ता सांगतोयस? तीन-तीन जण बसलेत त्याच्या उरावर!"

"मग एक तरी चेंडू झेलायचा ना त्याने!"

"चेंडू यायला तर हवा! डोळे उघडून बघ जरा. चेंडू वेस्लीला गेला, तरी आपला पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राहिला का? दोघांना आडवं केलं त्याने, म्हणून त्या वेस्लीला वाट मिळाली. दर वेळी तेच करतोय बिचारा! तुला मेल्या फक्त चेंडू दिसतो!"

"वॉन्डा... माईक चालू आहे."

"असू दे! ऐकू दे सगळ्यांना!"

तिने माईक ओढून घेतला. उरलेला सामना वॉन्डाने चालवला, नाव आणि नंबर, बस्स. रॉइस कोपऱ्यातल्या उलट्या बादलीवर बसून राहिला.

सामना जिंकला. केडच्या नावावर मात्र एकही झेल नाही. रॉइस सुतकी चेहऱ्याने खाली उतरला आणि हॅन्लींसमोर टोपी काढून उभा राहिला.

"साहेब, चूक माझी. पोराला शिक्षा नका देऊ. पुढच्या शुक्रवारी परत या, मी गावातच थांबत नाही."

"कशाला?" हॅन्ली म्हणाले. "झेल तर तुमच्या फिल्ममध्ये पोटभर पाहिलेत. कुठेही जा, मी येणार म्हटलं की आईबाप आणि कोच मिळून सगळे चेंडू आपल्या पोराकडे फेकायला लावतात. चेंडू नाही आला तर पोरगा काय करतो, ते मला कुणी बघूच देत नाही! आज ते शेवटच्या शिट्टीपर्यंत बघायला मिळालं." मग ते शेजारी उभ्या असलेल्या केडकडे वळले. "काय रे, तिघं अंगावर आणि वरून हा गजर. चिडला कसा नाहीस?"

"सवय आहे, सर. घरी माझी खोली डॅडींच्या खोलीला लागूनच आहे."

हॅन्ली खो खो हसले. "आमच्याकडे परक्या मैदानावर पन्नास हजार माणसं बोंबलतात. भलीभली पोरं गांगरतात. हा शिकूनच आलाय! केड, पुढच्या वर्षी तू आमच्याकडे यायचंस. ठरलं."

रॉइसने टोपी डोळ्यांवर ओढली. "थर्मास वर राहिला," एवढं कसंबसं पुटपुटून तो पायऱ्या चढून गेला.

लोक गाड्यांमध्ये घडीच्या खुर्च्या भरत होते. तेवढ्यात मैदानाचे कर्णे खरखरले. आधी कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. मग हुंदका आला. मग रॉइसचा आवाज, गावाने कधी ऐकला नव्हता इतका हळू.

"माझं पोर... कॉलेजात..." आणि पुन्हा हुंदका.

सगळे होते तिथे थबकले. कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने, मग साऱ्या गावाने. केड कानापर्यंत लाल झाला.

"ममा, वर जाऊन पिन काढू का?"

वॉन्डाने बाहीने डोळे पुसले.

"राहू दे रे," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा धड बोलतोय."