एस. के. कडक यांचा रुमाल

सुकुमार मगदूम मिसळ खायला बसला की आधी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकतो. एसटीच्या खिडकीतून आपण टाकतो तसा भिरकावून नव्हे, नीट चार घड्या घालून. कुणी ती खुर्ची ओढायला आलं की म्हणतो, "पावणं, जागा धरलीया." हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते, लोक ताटल्या हातात घेऊन उभे असतात, आणि याच्या शेजारी निळ्या चौकड्यांचा रुमाल ऐसपैस बसलेला असतो. येत कुणीच नाही. मिसळ संपते, हा रुमाल झटकून खिशात घालतो. लग्नात तेच, दवाखान्याच्या बाकावरही तेच. नऊ वर्षं मी हे बघतोय आणि नऊ वर्षं चारचौघांत माझीच मान खाली जातेय.

तर हा सुकुमार म्हणजे एस. के. कडक, कोल्हापूरचा रॅपर. पोटासाठी फ्लेक्स छापतो. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे. वय एकेचाळीस. टोपी उलटी घालतो आणि ऊन लागलं की सुलटी करतो. याच्या प्रत्येक गाण्यात तांबडा-पांढरा रस्सा उकळत असतो. मी एकदा म्हटलं, "सुक्या, जैनाच्या घरातला तू, जन्मात रश्शाचा थेंब चाखला न्हाईस." तर म्हणाला, "मी कुठं चाखलोय म्हणतोय? उकळतोय म्हणतोय. वास येतोय की शेजारनं." गाण्यात हा रोज कुणाला तरी आडवा करतो, आणि दिवस मावळायच्या आत घरी जाऊन दहीभात खातो. त्यामुळे आमचे कार्यक्रम दुपारी तीनला असायचे. श्रोते म्हणजे मांडववाले आणि उन्हातून सावलीला आलेली माणसं.

आमचे म्हणजे 'तिखट-गोड'चे. तिखट सुकुमार, गोड इरफान मुल्लाणी आणि हलगी वाजवायला मी. मी हायस्कूलात क्लार्क आहे, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक मलाही यातलाच समजतात. सुकुमार धाडधाड बोलत सुटायचा आणि मध्येच इरफान सूर लावायचा. इरफान हुपरीचा, घरी चांदीच्या पैंजणांचं काम. त्याचा गळा असा की चालती माणसं गाडी बाजूला लावायची. खरं सांगायचं तर इरफानची पाळी येईपर्यंत लोक सुकुमारला सोसायचे. सुकुमारलाही हे ठाऊक होतं. म्हणून तर ते झालं.

आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला, तेव्हा फ्लेक्स सुकुमारनेच केला. स्वतःचा फोटो कमरेपर्यंत, मागे वाघ. बाजूला हलगीसह मी, डोळे मिटलेला. आणि इरफान? खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, नगरसेवक आणि दूधवाल्याच्या मधे, रुपयाएवढ्या गोलात. वर जागा उरली नव्हती म्हणे. वाघ लहान करायचं याला सुचलं नाही.

इरफान फ्लेक्सखाली बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "सुक्या, मी गायक हाय का शुभेच्छुक?" सुकुमारनं 'चुकलं' एवढं म्हणायचं होतं. तो म्हणाला, "फोटो हाय न्हवं? बास की." इरफाननं हुपरीची गाडी धरली. त्यानंतर नऊ वर्षं ना फोन, ना भेट. माफी मागायला याची जीभ उचलेना. दिवसभर शेकडो शब्द फेकणारा माणूस, पण नेमका हाच एक शब्द त्याच्याकडे नव्हता.

गेल्या वर्षी यानं जाहीर केलं, 'तिखट-गोड'चं पुनरागमन. नवा अल्बम, अकरा गाणी. गावभर फ्लेक्स लागले, 'ते परत येत आहेत!' मला रस्त्यात तिघांनी विचारलं, कोण परत येत आहेत. आम्ही गेलतो हेच गावाला माहीत नव्हतं. याच्या फ्लेक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना वाकळा टांगून रेकॉर्डिंग झालं. मी चार महिने रविवारच्या सुट्टीवर पाणी सोडून हलगी बडवली.

अल्बम तयार झाला तसा मला ऐकायला बसवलं. पहिलं गाणं बरं चाललं होतं, मध्येच सुकुमार गप्प. नुसती माझी हलगी. बराच वेळ. मग हा पुन्हा सुरू. दुसऱ्या गाण्यात तेच. अकराच्या अकरा गाण्यांत तेच.

"सुक्या, फॉल्ट हाय ह्यात. मी येड्यासारखा एकटाच बडवत सुटलोय."

"फॉल्ट न्हाय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जागा धरलीया."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. नऊ वर्षं तो रुमाल कुणासाठी पडत होता, आणि मी त्याला वेड्यात काढत होतो. मला माझीच लाज वाटली. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, "मग जाऊन बोल की त्याला."

"बोलाय येत न्हाय मला."

"मग काय येतंय?"

"फ्लेक्स येतोय," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

दोन दिवसांनी आम्ही हुपरीला गेलो आणि इरफानच्या गल्लीच्या तोंडाला वीस फुटी फ्लेक्स बांधून परतलो. सबंध फ्लेक्सभर इरफान. वाघ नाही, मी नाही. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत एकच गोल, रुपयाएवढा: एस. के. कडक.

आता आपल्याकडे एवढा मोठा फोटो लागला की लोकांना दोनतीनच कारणं सुचतात. संध्याकाळपर्यंत इरफानच्या दारात निम्मी हुपरी केक घेऊन आणि उरलेली हार घेऊन हजर. त्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. सुकुमारनं स्पीकर लावला.

"सुक्या, बायको विचारतीया, कुठल्या वॉर्डातनं उभं ऱ्हायलाईसा. काय लावलायस हे?"

सुकुमारनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणि तुझा फोटो कुठं हाय?"

"खाली हाय. शुभेच्छुकांत."

पलीकडे हातोडीचा बारीक आवाज येत होता, तो थांबला.

"लई बारीक केलायस, मर्दा. दिसत न्हाय."

"तुझाबी दिसत नव्हता," सुकुमार म्हणाला. त्यानं पुढे जे म्हटलं ते अगदी हळू होतं. "चुकलं माझं."

इरफाननं फोन ठेवून दिला. सुकुमार त्या दिवशी जेवला नाही, दिवस मावळून गेला तरी तसाच बसून राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी मी मिसळीला गेलो. हीऽ गर्दी. सुकुमार कोपऱ्यात बसलेला, शेजारची खुर्ची मोकळी आणि तिच्यावर रुमाल नाही. मला बघवेना. मी मुकाट्यानं ती खुर्ची ओढली.

"तिथं बसू नकोस," सुकुमार म्हणाला.

"रुमाल कुठाय मग?"

"त्यो घेऊन गेलाय," त्यानं नळाकडे मान वळवली. "हात धुवालाय."