प्रश्न क्रमांक चौदा

साळवेसाहेबांना गाडीबद्दल काही विचारलं तर ते उत्तर देत नाहीत, फॉर्म देतात. चार पानांचा, बावीस प्रश्नांचा, झेरॉक्स काढून टाचलेला. "भरून आणा, मग बोलू," एवढं म्हणून दार लावून घेतात. पाणी विचारायची पद्धत त्यांच्याकडे आहे, पण ती फॉर्म भरून आणल्यावर.

साहेब आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. चिंचवडच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. रिटायर झाले तरी तपासणं सुटलं नाही. तळमजल्यावर राहत असल्यामुळे लिफ्टशी त्यांचा काही संबंध नाही. तरी मी सामान घेऊन पहिल्यांदा सोसायटीत आलो तेव्हा ते लिफ्टपाशीच उभे होते. आतल्या पाटीवर 'सहा माणसे, ४०८ किलो' असं लिहिलं होतं.

"म्हणजे माणशी अडुसष्ट," ते मला म्हणाले. "आपण किती?"

मी अठ्ठ्याहत्तर म्हणालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत आधीच पाच जण असल्याचं दाखवून पुढच्या खेपेला जायला सांगितलं. आमची ओळख झाली ती अशी.

साहेबांचा खास विषय म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. हे काय असतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. पण साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर दोन टेबलफॅन कायम एकमेकांकडे तोंड करून ठेवलेले असतात, आणि आलेल्या माणसाची ते पाहिल्याशिवाय सुटका नसते. एका पंख्याला वायर आहे, दुसऱ्याची कापून टाकली आहे. साहेब पहिला सुरू करतात. त्याच्या वाऱ्यानं समोरचा हळूहळू फिरायला लागतो. "याला वायर नाही. तरी फिरतो की नाही?" असं ते विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो. त्याच्या जागी भोपळ्याएवढा पोलादी डबा असतो आणि त्यात असे दोन पंखे तेलात बुडवून बसवलेले असतात. एकाला इंजिन फिरवतं, त्याच्या जोरानं दुसरा फिरतो आणि गाडी चालते.

आता कुठला डबा इंजिनाच्या किती फेऱ्यांना पकडतो, त्यावर सगळा खेळ. लवकर पकडणारा असला तर सिग्नल सुटल्यावर गाडी सभ्यपणे निघते. उशिरा पकडणारा आधी इंजिनाला भरपूर ओरडू देतो आणि मग गाडी उसळते. साहेबांच्या शब्दांत, शर्यतीला दुसरा, भाजीला पहिला.

पूर्वी पुण्यात मुळात गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट होती, त्यात निवड कसली करायची. मग बाजार उघडला, परदेशी गाड्या आल्या, हडपसरला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत काम करणाऱ्यांना एकदम वेग हवासा झाला. मीही त्याच इमारतींपैकी एकीत सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढतो. माझ्याच कंपनीतल्या एका मॅनेजरनं दणदणीत इंजिनाची ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडीच्या कंपनीनं बसवून दिलेला कन्व्हर्टर त्याला मिळमिळीत वाटायला लागला. बाहेरून दुसरा मागवायचा होता. मी त्याला साहेबांकडे नेलं.

त्यानं फॉर्म भरून आणला. साहेबांनी लाल पेन काढलं. 'गाडीचा मुख्य वापर' यापुढे त्यानं 'रेसिंग' लिहिलं होतं, आणि 'रोजची गर्दी' यापुढे 'नाही'. साहेबांनी त्याला घर कुठे आणि ऑफिस कुठे एवढंच विचारलं. घर कोथरूडला, ऑफिस हडपसरला. किती वेळ लागतो? कधी सव्वा तास, कधी दीड.

"रेसिंग कधी करता?"

तो म्हणाला, अजून केलं नाही, पण प्लॅन आहे, फ्यूचरमध्ये, वीकेंडला कुठेतरी.

"मग फ्यूचरमध्ये या," साहेब म्हणाले आणि दोन्ही उत्तरांपुढे 'पुन्हा तपासा' असं लिहून फॉर्म परत दिला.

'पुन्हा तपासा' हे साहेबांचं ब्रीद आहे. त्यांचं म्हणणं असं, की लोक गाडीबद्दल खोटं बोलत नाहीत, स्वतःबद्दल बोलतात. प्रत्येक जण आपण जो नाही त्या माणसासाठी कन्व्हर्टर मागवतो. आमच्या मॅनेजरनं साहेबांना न जुमानता सगळ्यात उशिरा पकडणारा मागवला. महिन्याभरात ऐन पुलावरच्या गर्दीत डबा न पकडता नुसताच घसरत राहिला आणि त्याच्या गिअरबॉक्सचं तेल उकळलं. मी ही बातमी मोठ्या उत्साहानं साहेबांना सांगायला गेलो. साहेबांना आनंद झाला नाही. त्यांनी त्याला दुसरा कोरा फॉर्म पाठवला, झालं.

सोसायटीत मात्र साहेबांवर हसायचे, आणि त्याला कारण होतं. साहेबांची स्वतःची एक गाडी आहे. जपानी, सहा सिलिंडरची, ऑटोमॅटिक. परदेशातून परतलेल्या एका गृहस्थांकडून त्यांनी ती घेतली होती. तिचा कन्व्हर्टर पाच वर्षांपासून गेलेला. निघताना गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरायची. साहेब तिला खाकी कापडाखाली झाकून ठेवत आणि बॅटरी उतरू नये म्हणून महिन्यातून एकदा मंडईपर्यंत नेऊन आणत. उभ्या पुण्याला कन्व्हर्टर निवडून देणारा माणूस स्वतःसाठी एक निवडत नव्हता. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,' असं आमचे सेक्रेटरी त्यांच्या पाठीमागे म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तर साहेबांनी त्यांचा मागचा हिशेब तपासायला मागितला असता.

या मंडईच्या फेरीला साहेब कधी कधी मला नेत. पण मागच्या सीटवर. पहिल्यांदा मी पुढचं दार उघडायला गेलो तर ते म्हणाले, "मागे ऐसपैस आहे." पुन्हा गेलो, पुन्हा मागेच. त्यामुळे आमचा वॉचमन साहेबांना सोडून मला सलाम ठोकायचा आणि मंडईतला पार्किंगवाला माझ्याकडे पाहून "ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगा" म्हणायचा. साहेबांना याचं काही वाटत नसे. गिअरची गाडी सोडून ही ऑटोमॅटिक का घेतली, असं मी एकदा मागून विचारलं. "डावा हात मोकळा राहतो," ते म्हणाले. डाव्या हातानं ते शेंगदाणे खात होते, म्हणून मला उत्तर पटलं.

घरी साहेब एकटेच. मूलबाळ नाही. साळवेमॅडम एका शाळेत गणित शिकवायच्या. मी सोसायटीत येण्याच्या वर्षभर आधी त्या वारल्या. दिवाणखान्यात बुद्धाची लहानशी मूर्ती आहे आणि शेजारी मॅडमचा फोटो, कपाळाला आठी घातलेला, समोरच्याचं गणित चुकल्यासारखा. फॉर्मातले बावीस प्रश्न मुळात त्यांनीच नीट क्रमानं लावून दिले होते, एवढं मला ऐकून माहीत होतं. साहेब त्यांच्याबद्दल बोलत नसत आणि मीही विचारत नसे.

चार वर्षं अशीच गेली. मग कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. मी सहज साहेबांना म्हणालो, तुमच्या गाडीचा कन्व्हर्टर तिकडेच बनवून मिळतो ना? मी येताना घेऊन येतो. पुढे इतक्यात कोणी जाणारं नाही, काय ते आत्ताच ठरवा.

 पंधरा दिवस साहेब मला जिन्यापाशी दिसले की नजर चुकवायचे. मला वाटलं, म्हातारा कचरला. दुसऱ्यांचे फॉर्म तपासणं सोपं असतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र ते वर आले आणि बंद पाकीट माझ्या हातात दिलं. आत त्यांचा भरलेला फॉर्म होता. तो इंग्रजीत टाइप करून तिकडच्या कारखान्याला ईमेल करायचा होता.

फॉर्म काय होता, हिऱ्यासारखा होता. मुख्य वापर: भाजी आणणे. रोजची गर्दी: आहे. रेसिंग: नाही, होणार नाही. चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये. जॅकचं वजन वेगळं, स्टेपनीचं वेगळं, भाजीच्या पिशव्यांचं वेगळं, त्यातही पावसाळ्यात भाजी ओली असते म्हणून अर्धा किलो धरलेला. मी टाइप करता करता सवयीनं बेरीज केली. साहेबांनी लिहिलेल्या एकूण वजनात बावन्न किलो जास्त येत होते. पुन्हा केली, पुन्हा बावन्न. मागे जाऊन पाहिलं तर प्रश्न क्रमांक चौदा: गाडीत नेहमी माणसं किती? उत्तर होतं, दोन.

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. ज्या माणसानं चार वर्षं सगळ्यांना लाल पेनानं सोलून काढलं, त्याची चूक मला सापडली होती. मला तर ते मागे बसवतात आणि तेही वर्षातून पाच-सहा वेळा, म्हणजे मी 'नेहमी'त बसत नाही. शिवाय मी बावन्नचा कधीच नव्हतो. मी फॉर्म घेऊन तळमजल्यावर गेलो आणि दारातूनच म्हणालो, "साहेब, प्रश्न चौदा. पुन्हा तपासा."

साहेबांनी कागद हातात घेतला. चष्मा लावला नाही. मला आत बोलावून खुर्ची दिली आणि पाण्याचा पेला समोर ठेवला.

"ती चूक नाही," ते म्हणाले. "बावन्न किलोनं कन्व्हर्टर बदलत नाही. एक लिहिलं तरी तोच येईल, दोन लिहिलं तरी तोच. मला माहीत आहे ते. पण एक लिहवत नाही. बाकीचे एकवीस प्रश्न पाच वर्षांपूर्वीच भरून झालेत."

मी पेला उचलून पाणी प्यायलो. 

"ती डावीकडे बसायची. शाळेतल्या वह्या मांडीवर घेऊन. मला गिअर टाकायला लागू नये म्हणून ही गाडी घेतली. डावा हात मोकळा राहतो." मग त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि माझ्याकडे दिली. "तुमचं बरोबर आहे. नियमानं चूकच आहे. तरी तसाच पाठवा."

जिना चढताना मला स्वतःची लाज वाटली. मी फॉर्म तसाच पाठवला. माहीत असलेली चूक मी नोकरीत कधी पुढे जाऊ दिलेली नाही, तेवढी एक दिली.

अमेरिकेत गेल्यावर कारखान्याचं उत्तर आलं. माणूस सरळ होता. लवकर पकडणारा, साध्या रस्त्यावरचा कन्व्हर्टर बनवतो म्हणाला. इतका नीट भरलेला फॉर्म आपण पाहिला नाही, असंही त्यानं लिहिलं होतं. खाली एकच शंका होती: माणसं दोन, हे नक्की ना? मी 'नक्की' असं लिहून पाठवलं.

येताना अठरा किलोचा तो डबा मी बॅगेत घालून आणला. कपडे तिकडेच एका मित्राकडे ठेवले. विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी बॅग उघडायला लावली आणि हे काय म्हणून विचारलं. मी दोन पंख्यांची गोष्ट सांगितली, एकाला वायर नाही इथपर्यंत. तुमच्या गाडीचं आहे का, असं त्यांनी विचारलं. शेजाऱ्यांच्या, म्हणालो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, ड्यूटीची पावती फाडली आणि मला सोडलं.

साहेबांनी जुन्या कारखान्यातल्या एका मेकॅनिकला बोलावून दोन दिवसांत काम केलं. बसवण्याआधी डब्याला तेल पाजावं लागतं. ते साहेबांनी चहा ओतावा तसं सावकाश ओतलं. मग तो गिअरबॉक्सच्या दांड्यावर ढकलत, फिरवत नेताना आतून तीन वेळा 'खट' असं ऐकू यावं लागतं. दोन झाले. तिसरा येईना. मेकॅनिक म्हणाला, बसलाय बहुतेक. साहेबांनी त्याला बाजूला केलं, डोळे मिटून थोडा फिरवला आणि तिसरा ऐकला.

त्या रविवारी सकाळी त्यांनी खाली बोलावलं. खाकी कापड घडी करून डिकीत ठेवलेलं होतं. मी सवयीनं मागचं दार उघडलं.

"पुढे बसा," साहेब म्हणाले.

मी पुढे जाऊन बसलो. साहेबांनी पट्टा लावला, आरसा बघितला.

"आपण अठ्ठ्याहत्तर ना?"

"हो."

"सव्वीस जास्त होतात," ते म्हणाले. "चालेल."

गाडी निघाली. थरथर नाही, आवाज नाही, सायीवरून सरकल्यासारखी निघाली. वॉचमन गोंधळला आणि त्यानं कोणालाच सलाम केला नाही. साहेबांचा चेहरा गाडी तपासताना असतो तसाच होता. मंडईच्या अलीकडच्या सिग्नलला आम्ही थांबलो. साहेबांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि माझ्या बाजूला यायला लागला. अर्ध्या वाटेवर तो थांबला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. मग त्यांनी तो उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला, आणि परत घरी येईपर्यंत गाडी दोन्ही हातांनी चालवली.