लंकाबाईची चूल आणि पाचवा थर

पाथर्डी तालुक्यातल्या मुंजाबाच्या गडावर लंकाबाईचं घर होतं, आणि दिवाळी सरली की ते पाच महिने बंद असायचं. नवरा बिभीषण आणि ती कोयता घेऊन कोपरगावकडं ऊस तोडायला जात. यात नवल काहीच नव्हतं. निम्मं गाव जातं. नवल घडलं ते यंदा, त्यांच्या माघारी.

गडावर सरकारी उत्खनन पथक आलं. खोदल्यावर तळाला अश्मयुगाचा थर लागला, त्यावर सातवाहनांचा, त्यावर यादवांचा, त्यावर निजामशाहीचा. त्याच्याही वर, कुलूप तोडल्यावर, एक चूल सापडली. काम नियमानुसार चालू असल्यामुळे तिचीही नोंद झाली: 'थर पाचवा. मातीची चूल, चेपलेली पातेली, पत्र्याचे छप्पर. मनुष्य आढळला नाही. ही संस्कृती बहुधा दुष्काळाने लयास गेली असावी.'

चैत्रात ही लयास गेलेली संस्कृती जीपमधून उतरली. पाहते तर घराभोवती तारेचं कुंपण आणि वर 'संरक्षित वास्तू' अशी निळी पाटी. लंकाबाईचं डोकंच फिरलं.

"आवो सायेब, माजं घर हाय त्ये!"

पथकप्रमुख श्रीमंत देवढे मुळात सज्जन माणूस. "असेल बाई. पण पुरावा?"

"ही बगा कुलपाची किल्ली!"

देवढ्यांनी ती हातरुमालात अलगद धरली, पिशवीत घातली आणि चिठ्ठी लावली, 'थर पाचवा, वस्तू क्रमांक एकेचाळीस.'

"मंग शेजाऱ्यास्नी इचारा की!"

"विचारणारच होतो. पण तेही लयास गेले होते."

"समदी ऊसतोडीला गेल्तो आमी!"

"बाई, अहवालावर वरपर्यंत सह्या झाल्यात. आणि तुम्हाला हयात धरलं, तर खालच्या चार थरांवर तुमचं अतिक्रमण होतं. घर पाडावं लागेल. नामशेष आहात तेच बरं."

बिभीषणानं डोकं खाजवलं. "म्हंजी आमी मेल्यालो आसलो तर घर ऱ्हातं, अन् जित्ते आसलो तर पडतं?"

"तुम्हाला नियम फार लवकर समजला," देवढे मनापासून म्हणाले.

अखेर तोडगा निघाला. संरक्षित वास्तूत राहायला बंदी असली, तरी झाडलोटीला मुभा होती. आता लंकाबाई नऊ ते पाच स्वतःच्या घरात झाडू मारते आणि पाचनंतर कुंपणाबाहेरच्या ताडपत्रीच्या खोपीत परत येते. पाच महिने फडावर खोपीत काढले आणि गावी येऊनही खोपच, याचं तिला फार वाईट वाटतं. चुलीला तर हातही लावता येत नाही.

रविवारी नगरहून, पुण्याहून आपल्यासारखी जाणकार मंडळी गड चढून येतात. पाटी वाचून हळहळतात, "कुठं गेली असतील हो ही माणसं?"

लंकाबाई झाडू थांबवून सांगते, "कुटं न्हाई, आमी हितंच हाव की!"

तेव्हा आपण तिला जरा बाजूला व्हायला सांगतो. फोटोत ती मधे येत असते.