चपलांमधून वय ओळखणारे लिमये सर

लिमये सरांना कोणी आपलं वय सांगितलेलं आवडत नाही. नवीन मुलगा मैदानावर येऊन म्हणतो, "सर, मी तेरा वर्षांचा." सर विचारतात, "असं कोण म्हणतं?"

"जन्माचा दाखला."

"त्याला खेळायचंय का?"

मग सर सगळ्यांना चपला काढायला लावतात. येरवड्यातल्या आमच्या मैदानावर चपलांची नागमोडी रांग लागते आणि नवीन मुलाने तिच्यातून पळायचं. तो कुठे वळला, कुठे अडखळला, कोणाची चप्पल उडवली, हे बघून सर त्याचं वय ठरवतात.

सरांच्या हिशेबी वयं तीनच. चिमण्या, लांबोडे आणि मुरलेले. चिमण्या म्हणजे आठ-दहा वर्षांची पोरं. जागच्या जागी भिर्रकन वळतात, पण लांब पळायचं म्हटलं की मागे पडतात. मुरलेले म्हणजे मोठी मुलं. जोरात पळतात आणि हवं तिथे थांबतात. मधले ते लांबोडे. एका उन्हाळ्यात त्यांच्या पँटी आखूड झालेल्या असतात आणि ते स्वतःच्याच पायात अडकून पडतात. "पाय नवीन आलेत, मालक जुनाच आहे," असं सर म्हणतात.

एकदा एक वडील मुलाचं आधार कार्ड घेऊन आले. "अहो, पंधरा पूर्ण आहेत त्याला. मोठ्यांत घ्या की!" सरांनी कार्ड दोन्ही बाजूंनी निरखलं आणि परत दिलं. "छान आहे. आता हे पळवा चपलांमधून."

सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी कोथरूडहून जुन्या स्कूटरवर आमच्याकडे येतात. एवढ्या लांब का, असं विचारलं तर म्हणतात, "कोथरूडची पोरं क्लासला गेलीत. परत आली की कळवा."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आईला वाटतं मला सगळं कळतं. लिमये सर मात्र मला बरेच दिवस कळले नव्हते. माझी धाकटी बहीण प्रज्ञा त्यांच्याकडे फुटबॉल खेळते, म्हणून मी मैदानावर जायचो एवढंच.

प्रज्ञा मुलींच्या संघात सगळ्यात चपळ होती. चेंडू पायाला बांधल्यासारखा घेऊन चौघींच्या मधून निघायची. मग तेराव्या वर्षी ती अचानक वाढली. आईच्या डोक्याच्या वर गेली. आणि तिची चपळाई कुठे गेली कोण जाणे. वळायला गेली की पडायची, चेंडू एकीकडे आणि ती दुसरीकडे. सरांनी तिला पुन्हा चपलांमधून पळवलं. तिने निम्म्या चपला उडवल्या.

"उद्यापासून चिमण्यांत," सर म्हणाले.

प्रज्ञा घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. चिमण्यांत तिची अवस्था फार वाईट होती. ती पोरं तिच्या कोपराखालून चेंडू न्यायची. एकाने तर गंभीरपणे विचारलं, "ताई, तू झाड आहेस का?"

त्यात आईने अट घातली. चौदा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा जवळ आली होती. "संघात नाव आलं तर खेळ. नाही आलं तर फुटबॉल बंद, संध्याकाळी क्लास लावायचा. पडून पडून गुडघे बघ कसे झालेत."

आई हडपसरला एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम करते. सुट्टीच्या दिवशी ती थेट मैदानावर आली. मी तिच्या मागे, जरा अंतर ठेवून.

"अहो सर, माझी पोरगी मंद झालीये का?"

"नाही ताई."

"मग बारक्या पोरांत का घातलीत?"

"ती लांबोडी झालीये. पाय पुढे निघून गेलेत, बाकीची मागून येतेय. चिमण्या तिला वळायला लावतात. मोठ्यांत टाकली तर नुसती धक्के खाईल."

"आणि येणार कधी, ही मागून येणारी?"

"ते मला माहीत असतं तर मी मैदानावर नसतो, ज्योतिषी झालो असतो."

आईला हसू आलं, पण अट तिने मागे घेतली नाही.

संघात प्रज्ञाचं नाव आलं ते राखीव म्हणून. आईने खूप विचार करून तेही चालवून घेतलं, "पण मैदानात उतरली तरच धरीन."

अंतिम सामना कोथरूडच्या एका अकादमीशी, त्यांच्याच मैदानावर होता. त्यांचे बूट चकचकीत, सरावाला मांडायचे नारिंगी प्लास्टिकचे कोन. आमचा सराव चपलांवर चाललेला बघून त्यांचे प्रशिक्षक अदबीने म्हणाले, "सर, आमचे कोन देऊ का?"

"नको. आमचे कोन आमच्याबरोबर घरी येतात."

प्रज्ञा स्पर्धेत अजून एकदाही उतरली नव्हती, बाकावर बसून होती. शेवटची थोडी मिनिटं उरली, एक-एक अशी बरोबरी होती, तेव्हा सरांनी तिला उठवलं. "वळायचं नाही. सरळ पळ. आता पाय आहेत तुझ्याकडे."

चेंडू मिळाला आणि ती सरळ पळाली. असं पळताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. दोन मुली मागे राहिल्या. पण गोलच्या तोंडाशी तिसरी आडवी आली आणि सरळ जायला वाट उरली नाही. रेषेबाहेरून आमच्या सगळ्या चिमण्या किंचाळल्या, "ताई, वळ!"

ती वळली. एवढी उंच मुलगी जागच्या जागी भिर्रकन वळली, आणि चेंडू जाळीत गेला.

"झाड पळालं! झाड पळालं!" चिमण्या मैदानात घुसल्या. मी शेजारच्या काकांना कडकडून मिठी मारली. ते समोरच्या संघातल्या मुलीचे वडील निघाले. आई टाळ्या वाजवत नव्हती, नुसती प्रज्ञाच्या पायांकडे बघत होती. मग माझ्या कानात म्हणाली, "क्लास सकाळचा बघ."

सर कधी कोणाकडे जेवायला जात नाहीत. पण त्या दिवशी आईने त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. घरी तिने खाली पाट मांडला, ताट वाढलं. सर दारापाशीच थांबले.

"ताई, मी उभ्यानेच खातो. ताट हातात द्या."

आईचा चेहरा बदलला. आमच्याकडे येऊन न बसणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली आहेत. ती एवढंच म्हणाली, "का हो सर?"

सरांच्या ते लक्षात आलं असावं. ते एकदम ओशाळले. "तसं नाही हो. गुडघे गेलेत माझे. खाली बसलो की एकट्याला उठता येत नाही. घरी दुसरं कोणी नाही, म्हणून ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो. सवय झालीये."

प्रज्ञा पुढे आली आणि तिने त्यांचा दंड धरला. "बसा, सर. मी आहे ना."

सर हळूहळू खाली बसले. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. ताट उचलल्यावर प्रज्ञा समोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

सरांनी हातांकडे पाहिलं, मग भिंतीला पाठ टेकली.

"जरा बसू दे," ते म्हणाले.