मुंबईचा गुडघा

"दाखवा बरं, भाऊजी!" शेजारची रुपाबाई ओसरीवर टेकली, आणि पुंजाजीने हौसेने धोतर सारून गुडघा वाकवला. चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोने, रंगूबाईने, कपाळावर हात मारला.

लेकाने मुंबईला नेऊन बापाचा झिजलेला गुडघा काढवला, धातूचा बसवून आणला, तेव्हापासून आसेगावात दुसरा विषय नव्हता. भेटायला येणाऱ्याने केळी ठेवायची, गुडघा वाकवून घ्यायचा आणि वर "दाबून पाहू काय?" असं विचारायचं. नाही म्हणणं पुंजाजीच्या जिवावर यायचं.

"अवो, मुंबईच्या डॉक्टरनं बेतानं घ्या म्हटलं ना?" रंगूबाई म्हणायची.

"पाव्हना इंझोरीवून आला. त्याले काय तसाच वापस पाठवू?"

पोळा तोंडावर आला होता. स्वतःच्या पायाने चालत जाऊन बैलजोडी तोरणाखाली उभी करायची, एवढ्यासाठी तर पुंजाजी त्या ऑपरेशनला तयार झाला होता. आणि एका सकाळी गुडघा टम्म फुगला. रुपाबाईने वीट तापवून शेक दिला. रामधन मालीशवाल्याने तेल लावून चोळला. गुडघा आणखीच टरारला.

"पू झाला असन," रामधन हात पुसत म्हणाला. "अशानं पाय कापा लागते."

रंगूबाईच्या हातातली परात खाली पडली. तिने तडक नवऱ्याला एसटीत घातलं आणि तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी ताप पाहिला, गुडघा चाचपला आणि सुई टोचली. पिचकारीत काळपट लाल रक्त चढलं.

"पू नाही. सांध्यात रक्त साचलंय. पडलात का कुठे?"

"नाई जी," पुंजाजी म्हणाला.

"पडतीन कायले?" रंगूबाई उसळली. "येईन त्याले वाकवून दाखवून राह्यले! वरून शेक, मालीश!"

डॉक्टर भडकले. "आतून घासून घासून रक्त सुटलं, शेकाने आणखी वाढलं. पाय सरळ ठेवायचा. घट्ट पट्टी, वर बर्फ. आणि कुणाला दाखवायचा नाही!"

बर्फ मिळायचा तालुक्यातल्या सोडावाल्याकडे. रंगूबाई रोज एसटीने जाऊन भुशात गुंडाळलेली लादी पोत्यातून आणायची. अर्धी वाटेतच विरघळायची आणि कंडक्टर ओरडायचा. घरी आली की मुसळ घेऊन दारात बसायची. पाहुणे केळी तिच्या हाती देऊन मुकाट परत जायचे. आत पुंजाजी बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत तळमळत पडलेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेली. पट्टी सुटली. सूज पार उतरली होती.

"झकास! उद्या खुशाल उभे राहा बैलांपाशी."

रंगूबाईला इतका आनंद झाला, की डोळ्यांना पदर लावावा लागला. पदर खाली घेते, तर डॉक्टर दारात उभे राहून हाका मारत होते.

"या हो या! मुंबईचा गुडघा आलाय!"

कंपाउंडर आला, नर्सबाई आली, शेजारचे दातांचे डॉक्टर रोग्याला खुर्चीत तसाच सोडून आले.

"काका, वाकवा बरं जरा."

पुंजाजीने बायकोकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा खुलला आणि गुडघा वाकला.

"अरे वा! पुन्हा एकदा, यांना नीट दिसलं नाही. दाबून पाहू का?"

रंगूबाईने सवयीने सोबत आणलेलं रिकामं पोतं उचललं.

"पाहा साहेब, निवांत पाहा," ती म्हणाली. "मी तवरोक बरफ आनतो."