सिस्टरांच्या गाडीचा तक्ता

काटेसाहेबांनी तक्त्याला चौथा कागद चिकटवला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर जेमतेम एका ताटापुरती जागा उरली, आणि त्या जागेवर त्यांचं स्वतःचं ताट होतं.

"मी कुठे जेवू आता? मांडीवर?" सिस्टरांनी विचारलं.

"पाचच मिनिटं थांब. टिकाऊपणाचे रकाने वाढलेत."

"अहो, चार महिने रकानेच वाढतायत. एक तारखेपासून ऑफिसची जीप बंद. ज्या सिस्टरकडे स्वतःची गाडी नाही तिला नोंदणीच्या खिडकीत बसवणार आहेत. मी सव्वीस वर्षं घरोघर हिंडून माणसं बघितली, आता काचेआडून पुढचा नंबर पुकारू?"

"म्हणूनच घाई करायची नाही," काटेसाहेब म्हणाले आणि पट्टी शोधू लागले. पट्टी सिस्टरांनी लपवली होती.

सिस्टर घरोघरी जाऊन शुश्रूषा करायच्या. सात घरं, चौतीस किलोमीटरचा फेरा, मध्ये छाती फुटेल असा एक चढ. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाला नुसतं कुशीवर वळवून पाठ बघायची. त्यांना नाव होतं, पण ते आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं. काटेसाहेबांचं नावही असंच झिजून गेलेलं. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानातले वजनकाटे तपासले. या काळात त्यांनी कुठल्या दुकानदाराच्या घोटभर पाण्यालाही तोंड लावलं नाही आणि एकही आकडा चुकीचा लिहिला नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आपला मोर्चा घराकडे वळवला. मिक्सर घेताना आठ महिने तक्ता चालला होता. तेवढ्यात तो मिक्सर निघायचाच बंद झाला.

या वेळी मात्र बायको खिडकीत बसेल ही कल्पना त्यांनाही सहन होत नव्हती. तिचं तोंड सुकलेलं त्यांना बघवत नसे. म्हणून त्यांनी आयुष्यात प्रथमच मन घट्ट केलं आणि विजेवर चालणाऱ्या पंधरा दुचाकी गाड्यांपैकी बारांवर काट मारली. उरल्या तीन. एक महाग, एक मधली आणि एक अशी स्वस्त की दुकानदारही तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा.

"तिन्ही एकेक दिवस चालवून बघणार," काटेसाहेबांनी दुकानदाराला सांगितलं.

"बघा की. या चौकापर्यंत जाऊन या."

"चौकापर्यंत नाही. चौतीस किलोमीटर. सात ठिकाणी थांबून."

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि किल्ली दिली. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा गाडी देणं सोपं असतं, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

सिस्टरांनी तीन दिवस हक्काची रजा टाकली आणि बदली सिस्टर जीपमधून गेली. तिच्या मागोमाग, अगदी सिस्टर थांबतात तिथेच आणि तेवढाच वेळ, काटेसाहेब थांबत गेले. प्रत्येक घरी "सिस्टरांचे मिस्टर आले!" असा गलका व्हायचा. खुर्ची पुढे यायची, पंखा त्यांच्याकडे वळायचा. पाणी पुढे आलं की काटेसाहेब हात जोडायचे. "ड्यूटीवर घेत नाही," म्हणायचे. मग घरची माणसं एकमेकांकडे बघायची आणि कुणीतरी हळूच बाहेर निघून जायचं. ते कुठे जातं याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बॅटरीचा आकडा ते निघताना एकदा आणि परतल्यावर एकदा टिपायचे. अधूनमधून आकडा बघणं हा त्यांच्या मते उतावळेपणा होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल लागला. महागडी गाडी चौतीस किलोमीटर चालून बावन्न टक्क्यांवर आली. मधली आली अकरा टक्क्यांवर, धापा टाकत. आणि स्वस्त गाडी? नव्वद!

काटेसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आकाश त्यांना ठेंगणं झालं. कामगिरी, दर्जा आणि पैशाचा मोबदला, तिन्हींची बेरीज त्यांनी दोनदा केली. दर्जाच्या रकान्यात स्वस्त गाडीचे गुण कापले होते, कारण तिच्या सीटचं कुलूप नावालाच होतं, हाताने ओढलं की उघडायचं, आणि चार्जर त्याच सीटखाली. पण कामगिरीपुढे कुलूप किस झाड की पत्ती!

"घेऊन टाक," ते म्हणाले.

सिस्टरांना आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. मग त्यांनी पदर खोचला आणि त्यांचा विचार बदलायच्या आत दुकान गाठलं.

पहिल्याच दिवशी त्या फेरा संपवून आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अहो, एक्क्याण्णव! चढसुद्धा एका दमात! आजपर्यंत तुमच्या तक्त्यांना मी काय काय बोलले असेन, सगळं परत घेते. खूप उपकार झाले हो तुमचे."

सदतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तक्त्याचे उपकार कुणी मानले नव्हते. काटेसाहेब त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

ही बातमी शेजारच्या गाण्याच्या मास्तरांपर्यंत पोचायला भिंतीचाच काय तो अडथळा होता. मास्तर दूरच्या शिकवण्यांना बसने जायचे. त्यांनी तक्ता मागून नेला, तालासुरात वाचला आणि दुसऱ्याच दिवशी हुबेहूब तशीच गाडी दारात आणून उभी केली. तिसऱ्या दिवशी ते संध्याकाळी उशिरा घरी आले, गाडी ढकलत. गळ्यात मफलर, अंगात घाम, आणि आवाज पार बसलेला.

"साहेब, एकोणीस! एकोणिसाव्या किलोमीटरला बसली ती बसली. पुढचे सहा मी ढकलत आणली! तुमच्या तक्त्यात चौतीस लिहिलंय आणि वर नव्वद टक्के शिल्लक!"

"माझा आकडा चुकत नाही," काटेसाहेब ताठ होऊन म्हणाले. "तुम्हाला सदोष गाडी मिळाली असेल."

"दुकानदार म्हणतो गाडी ठणठणीत आहे. पुरावा म्हणून तुमचाच तक्ता दाखवतो मला. भिंतीवर लावलाय त्याने!"

काटेसाहेबांनी खोल श्वास घेतला. अशा प्रसंगी काय करायचं ते त्यांना नोकरीने शिकवलं होतं. दोन काट्यांत फरक दिसला की वजनं अदलाबदल करून बघायची. "उद्या तुमची गाडी हिला देऊ, हिची तुम्ही न्या. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी सिस्टर मास्तरांची सदोष गाडी घेऊन गेल्या आणि ब्याण्णव टक्क्यांवर परत आल्या. मास्तर सिस्टरांची गुणी गाडी घेऊन गेले आणि एकोणिसाव्या किलोमीटरपासून ढकलत परत आले.

"म्हणजे दोष माझ्यात आहे?" मास्तरांनी पायरीवर बसकण मारली. "वजन म्हणाल तर सिस्टर आणि मी उन्नीस-बीस. त्यांच्याकडे तर औषधांची पेटीपण असते."

काटेसाहेबांनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा कागदावर मांडून पाहिले. रात्रभर... नाही, रात्रभर वगैरे काही नाही. त्यांना झोप उत्तम लागायची. पण सकाळी उठल्याबरोबर त्यांच्या मनात पाल चुकचुकली. गाडी खरोखर एकोणीसच जात असेल तर? एखाद्या दिवशी ती चढावर, भर उन्हात बसली, आणि सातव्या घरची म्हातारी इंजेक्शनची वाट बघत राहिली तर? ऑफिसला कळलं की सिस्टर उद्यापासून खिडकीत. आणि ते सगळं आपल्या एका आकड्यामुळे. त्यांनी डोक्यावर टोपी घातली, डोळ्याला काळा चष्मा लावला आणि सिस्टरांच्या फेऱ्याच्या वाटेवरची बस पकडली.

वेशांतराचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्याच घराच्या कुंपणाशी एक पोरगी ओरडली, "सिस्टरांचे मिस्टर टोपी घालून आलेत!" पण सिस्टर आत जखम धुण्यात गुंतल्या होत्या, आणि बाहेर जे चाललं होतं ते बघून काटेसाहेब जागच्या जागी खिळले.

घरातला मोठा मुलगा सिस्टरांच्या गाडीजवळ उकिडवा बसला होता. त्याने सीट हाताने ओढून उघडलं, चार्जर काढला, आणि खिडकीतून लोंबणाऱ्या लांबलचक वायरला जोडून दिला. आतून त्याच्या बायकोने हळूच विचारलं, "लागला?" तो म्हणाला, "लागला. तू त्यांना बोलण्यात गुंतव अजून दहा मिनिटं."

मग कधी बसने, कधी पायी त्यांनी तो फेरा गाठत नेला. तिसऱ्या घरी वायर गच्चीवरून सोडलेली होती. चौथ्या घराच्या अंगणात खास सिस्टरांच्या गाडीसाठी नवं बटण बसवलेलं होतं, त्यावर पाणी पडू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधून. चढाच्या पायथ्याशी तर कुणाचं घरही नव्हतं. तिथे पंक्चरवाला पान्हा टाकून उठला आणि गाडीमागून धावत, चढ संपेपर्यंत, ढकलत राहिला. त्याच्या बापाचा पाय सिस्टरांनी वाचवला होता. हेल्मेट घालून पुढे बघत बसलेल्या सिस्टरांना वाटत होतं, काय दमदार गाडी घेऊन दिली आपल्या माणसाने!

सातवं घर शिंप्याचं. त्याची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिथे सिस्टरांना तासभर लागायचा. शिंप्याच्या दुकानात मशीनच्या प्लगमध्ये सिस्टरांच्या गाडीचा चार्जर होता आणि शिंपी हाताने टीप घालत बसला होता. काटेसाहेबांना पाहून तो चटकन उठला.

"माझ्या ट्रायलच्या दिवशीपण हेच केलंत?" काटेसाहेबांनी विचारलं.

"तिन्ही दिवस करणार होतो, साहेब. पण त्या दोन भारी गाड्यांच्या सीटना पक्की कुलपं. काही केल्या उघडेनात. ही तिसरी गाडी आली तेव्हा हायसं वाटलं बघा सगळ्यांना."

"अहो, पण का?"

शिंप्याने हातातली सुई कापडात खोचली. "साहेब, सिस्टर आमच्याकडून काही घेतच नाहीत. आईसाठी शिवता शिवता त्यांच्या मापाचा एक कपडा शिवला, तर म्हणाल्या, नियमात बसत नाही. साधं सरबत घेत नाहीत. आईच्या पाठीला दोन वर्षांत एक जखम होऊ दिली नाही त्या बाईने. कसं फेडायचं आम्ही? हे एवढंच आहे जे त्यांना न कळता देता येतं. तुम्ही सांगू नका हं त्यांना. कळलं तर हेही बंद करतील."

काटेसाहेबांनी काळा चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. दुकानात ऊन नव्हतं, पण त्यांना तो घालायची गरज वाटली.

"घोटभर पाणी मिळेल?" ते म्हणाले. शिंप्याने तांब्या भरून आणला. काटेसाहेबांनी तो सगळा संपवला.

संध्याकाळी मास्तर निकाल ऐकायला पायरीवर येऊन बसलेलेच होते. सिस्टर नुकत्याच घरात शिरल्या होत्या, स्वयंपाकघरातून त्यांच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

"मास्तर, माझा आकडा चुकला," काटेसाहेब म्हणाले. "गाडी एकोणीसच जाते. उद्या दुकानात येऊन तसं लिहून देतो, भिंतीवरचा तक्ताही उतरवतो. तुम्ही ही परत करा आणि महागडी घ्या. वरचे पैसे मी घालतो."

मास्तर बघतच राहिले. काटेसाहेबांच्या तोंडून चूक हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. "आणि सिस्टरांची गाडी?"

"तिची राहू दे."

"राहू दे कशी? तीही एकोणीसच जाणार ना?"

काटेसाहेबांनी आत एकदा कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "तिची जाते चौतीस. पण त्याआधी सव्वीस वर्षं लोकांच्या जखमा धुवाव्या लागतात." मग त्यांनी सगळं सांगितलं.

"माझ्या शिकवण्यांच्या वाटेवर कुणी ढकलेल का हो मला?" शेवटी मास्तरांनी विचारलं.

"ढकलतील. तुम्ही लवकर पुढे जावं म्हणून."

मास्तर मनापासून हसले आणि महागडी गाडी घ्यायचं कबूल करून उठले.

"अहो, आजसुद्धा एक्क्याण्णव!" सिस्टर आतून म्हणाल्या. "घरी चार्जिंगला लावायची वेळच येत नाही. अशी गाडी शोधून दिलीत, तुमचे किती आभार मानू?"

"माझे नको मानूस," काटेसाहेब म्हणाले. पण मग कुणाचे, ते त्यांना सांगता येईना.

त्यांच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. सात घरांनी तिची गाडी भरली होती, पंक्चरवाल्याने ती ढकलली होती, आणि या सगळ्यांत तिच्या गाडीला एकदाही हातभार न लावलेला माणूस फक्त आपण. नुसते आकडे टिपत बसलो. ते उठले. अंगणात जाऊन त्यांनी ते नावालाच असलेलं कुलूप ओढलं, चार्जर बाहेर काढला, तो खिडकीतून आत घेतला आणि प्लगमध्ये लावला. शेजारी स्टूल टाकून ते बसून राहिले, उरलेले नऊ टक्के भरेपर्यंत.